मामाजींच्या गिलासातली निळी पट्टी

कसं सांगू आणि कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही. माझ्या हातून चुका नेहमीच होतात. एकदा चहात साखरेऐवजी मीठ घालून तो चहा घरी आलेल्या पाहुण्यांना आग्रहाने दोनदा पाजला आहे. पण त्या चुका खळखळून धुता येतात. ही नाही गेली. आज तुम्ही निवांत बसलाच आहात, तर सांगून टाकते. हसू आलं तर हसा, फक्त मामाजींचं नाव निघालं की जरा आदराने हसा.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आणि सासूबाई म्हणजे आत्याबाई. आमच्याकडे असंच म्हणतात.

तेव्हा आमची प्रज्ञा पाच महिन्यांची होती आणि मी चोवीस तास घाबरलेली होते. ती रडली की वाटायचं पोटात दुखतं. रडली नाही की वाटायचं, का रडत नाही? झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा. बघताना ती जागी व्हायची. जागी झाली की रडायची. की पुन्हा पहिल्यापासून!

त्यात मला नोकरी लागली. सरकारी प्रयोगशाळेत, पाण्याचे नमुने तपासायची. बी.एस्सी. झाल्याचं सार्थक! सोमवारी रुजू व्हायचं होतं. आत्याबाईंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे दिवसभर प्रज्ञाला सांभाळणार कोण? मामाजी.

"तू बिनघोर जाय वं सूनबाई," ते म्हणाले होते. "गिरणीत तीस वर्षं मशीन सांभाळली. हे तं हातभर पोट्टी आहे."

मामाजींबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तरुणपणी ते पीत असत. बऱ्यापैकी पीत असत. मग छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत. अठ्ठावीस वर्षं! रोज सकाळी घरात पंचशील म्हणताना पाचवं शील, म्हणजे दारूला न शिवण्याचं, आलं की त्यांचा आवाज एकदम चढायचा. तेवढ्या एका ओळीला. शेजारी त्यावर घड्याळ लावत असतील.

आता दुसरी गोष्ट. हे, म्हणजे माझे मिस्टर, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. तिथले सर कागदाच्या पट्ट्या तयार करत होते. बोटभर लांबीची पट्टी, तिच्या टोकाला यीस्टमधून काढलेलं एन्झाइम वाळवून लावलेलं. पट्टी कुठल्याही पेयात बुडवायची, मिनिटभर थांबायचं. पेयात दारूचा अंश असला, तर टोक निळं. जितकी दारू जास्त, तितका निळा गडद. नसला, तर पांढरं. एकदा वापरायची आणि फेकून द्यायची. ना बाटल्या, ना बर्नर, ना काही. मला तर ती जादूच वाटली.

पण एन्झाइम पडलं नाजूक. नागपूरचा मे महिना त्याला कुठून सोसणार? माणसाला सोसत नाही! त्यात कॉलेजला सुट्टी आणि तिथला फ्रिज बंद. म्हणून पट्ट्यांचा डबा आमच्या फ्रिजमध्ये आला, बरोब्बर प्रज्ञाच्या थेंबांच्या औषधाशेजारी.

"हात लावायचा नाही हं," ह्यांनी बजावलं.

हात लावायचा नाही म्हटलेल्या वस्तूला कुणी हात लावला नाही, असं एक घर मला दाखवा.

मी ताकात बुडवून पाहिली. पांढरी. चहात बुडवली. पांढरी. कैरीच्या पन्ह्यात बुडवली. पांढरी. मला जरा वाईटच वाटलं. एवढं सभ्य घर!

तेवढ्यात मला मामाजी दिसले.

दुपारचे चार. प्रज्ञा नुकतीच झोपलेली. मामाजींनी ओट्यावरचा स्टीलचा गिलास उचलला, माठातलं थोडं पाणी त्यात घातलं आणि मागच्या अंगणात निंबाखाली जाऊन बसले. घराकडे पाठ करून! एकेक घोट घेत होते. शेवटी ओठ पुसले, डोळे मिटले आणि "आहाहा" केलं.

पाण्याला कुणी आहाहा करतं का? बरं, मे महिना होता, करतही असेल. पण आत आल्यावर ते झोपलेल्या प्रज्ञाच्या पाळण्यापाशी उभे राहून हळूच गाणं म्हणायला लागले. वर ठेकाही धरला. गिरणीतून निवृत्त झालेला, गुडघ्याला तेल लावणारा माणूस, चार वाजता, ठेका?

गिलास मोरीत होता. मी वाकून पाहिलं. तळाशी घोटभर पाणी उरलेलं. तांबूस! वास घेतला. उग्र, आंबूस, वर गोडसर. दारूचा वास मी जन्मात घेतला नव्हता, पण असाच असणार, दुसरा कसा असेल?

पट्टी बुडवली. साठपर्यंत आकडे मोजले.

निळी.

माझे हातपाय थंडगार! पंचेचाळीस अंशांत!

पण मी शिकलेली बाई. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. दुसऱ्या दिवशी मी पद्धतशीर काम केलं. माठातलं पाणी तपासलं, पांढरी. धुतलेला रिकामा गिलास पाण्याने विसळून तपासला, पांढरी. मग चार वाजता मामाजींचा गिलास. कालच्यापेक्षा गडद निळी!

म्हणजे प्रमाण वाढत होतं. झालं, सिद्ध झालं. कॉलेजात माझ्या एकाही प्रयोगाचा निकाल इतका स्वच्छ आला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं त्यांना. अहो, ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकला तरी माझी जीभ अडखळायची, त्यांना विचारू, "मामाजी, तुम्ही पिता का?" आणि सोमवारी त्याच हातांत पाच महिन्यांचं लेकरू द्यायचं होतं. विहिरीकाठी नेलं तर? सायकलच्या दांड्यावर बसवलं तर? माझ्या डोळ्यांपुढे प्रज्ञा एकामागून एक तेवीस ठिकाणांहून पडली.

शनिवारी संध्याकाळी हे कूलरमध्ये पाणी भरत होते, तेव्हा मी जवळ जाऊन दोन्ही निळ्या पट्ट्या दाखवल्या.

"कशात बुडवल्या?" हे पहिले त्या बुडवल्या म्हणूनच रागावले.

"मामाजींच्या गिलासात."

ह्यांच्या हातातली बादली कूलरऐवजी पायावर रिकामी झाली. "बाबा? शक्यच नाही. सुनंदा, काहीतरी चुकलं असेल."

"माठ तपासला. कोरा गिलास तपासला. मी काय अडाणी आहे?"

ह्यांनी रिकामी बादली सरळ करून ठेवली. ओल्या पायांनी तसेच उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आईला सांगू नको. काही झालं तरी आईला नको."

"काय नको सांगू मले?" दारातून आवाज आला.

आत्याबाई! गुडघे दुखतात म्हणून स्वयंपाकघरापर्यंत न जाणारी बाई नको तिथे कशी पोचते, ह्यावर कुणी संशोधन करायला हवं.

सांगावं लागलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. नाही. त्या खाली बसल्या. पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट केल्या. मग म्हणाल्या, "तुमाले नाई माईत. लग्न झालं तवा मी रोज दारात बसून वाट पाहो. पगाराच्या दिवशी तं जास्तच." एवढंच. मला त्यांच्याजवळ बसावंसं वाटलं आणि बसले. माझ्या मनात आलं, आपण ह्या डब्याला हात लावला नसता तर किती बरं झालं असतं.

रात्री आत्याबाईंनी मामाजींना जेवायला वाढलं, पण अवाक्षर बोलल्या नाहीत.

"भाजीत मीठ नाई," मामाजी म्हणाले. "अन् बोलण्यात बी नाई. काय झालं वं?"

"विचारा आपल्या मनाले."

मामाजींनी मनाला विचारलं असावं, कारण बराच वेळ घास हातात धरून बसले होते. मनाने काही सांगितलेलं दिसलं नाही.

रविवार उजाडला. मी ठरवून टाकलं होतं, नोकरीवर जायचं नाही. दुपारी तसं बोलून दाखवलं.

"काहून?" मामाजी दचकले. "सरकारी नोकरी सोडतं का कोणी? मी आहो ना पोट्टीपाशी!"

मी खाली मान घातली. आता "तुम्ही आहात म्हणूनच" असं कसं म्हणू?

चार वाजले. प्रज्ञा झोपली. मी दाराकडे डोळे लावूनच बाळंतिणीचं औषध घ्यायला बसले. औषध म्हणजे दशमूलारिष्ट. आईने नरखेडकडच्या आमच्या गावाहून, तिथल्या वैद्यांकडून आणलेलं, अर्धं औषध, अर्धं पाणी, रोज चार वाजता. मला मुळीच आवडत नसे. नाक दाबून अर्धं प्यायचे आणि उरलेलं आत्याबाईंना दिसू नये म्हणून ओट्याच्या कोपऱ्यात सरकवायचे, मग मोरीत ओतू म्हणून. मग विसरायचे. गिलास पुढे धुतलेलाच सापडायचा, म्हणजे कुणीतरी ओतत असेल. त्या दिवशी मात्र भीतीच्या भरात एका दमात सगळं प्यायले.

मी पदराने तोंड पुसते आहे, तोच मामाजी आले आणि त्यांनी ओट्यावरचा गिलास उचलला.

झडप घालावी तशी आत्याबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "दाखवा!"

"काय दाखवू?"

"गिलास!"

गिलास रिकामा. मामाजी गोंधळून म्हणाले, "आज तं अजून घेतलंच नाई."

"आज नाई घेतलं!" आत्याबाईंचा आवाज फुटला. "ऐकलं का रे? आज नाई घेतलं म्हणते! म्हणजे रोज घेऊन राहिले!"

"हो मंग. रोज घेतो. त्यात काय?"

त्यात काय! हे मध्ये पडले, "बाबा, कबूल करता तुम्ही?"

"काय कबूल करू? कोणी मले सांगन का, काय चालून राहिलं ह्या घरात?"

मग आत्याबाईंनी सांगितलं. एका वाक्यात. मामाजींनी ते उभ्याउभ्या ऐकलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. "तुले असं वाटलं, सूनबाई? म्हणून नोकरी सोडून राहिली?"

जमीन दुभंगून पोटात घेते, असं म्हणतात ना? खोटं आहे. मी बराच वेळ उभी होते. घेतलं नाही.

"आण तो डबा," मामाजी ह्यांना म्हणाले. "तोंडातलं समजते का त्याले?"

"समजतं," हे म्हणाले. "सर थुंकीवरही करून पाहतात."

"मंग मी चाटतो. पण मी एकटाच काहून? सगळ्याईनं चाटा. घरात चार माणसं आहेत, चार पट्ट्या काढ."

हे काहीतरी पुटपुटले, सर काय म्हणतील वगैरे. पण डबा आणला. आम्ही चौघं गोल बसलो. जिभा बाहेर. पट्ट्या जिभेवर. मग प्रत्येकाने आपापली पट्टी आपल्यासमोर पाटावर ठेवली. त्या मिनिटात कुणी दार वाजवलं असतं, तर आम्ही काय करतो आहोत हे सांगताना माझी नोकरी आपोआप गेली असती.

मिनिट झालं.

मामाजींची पट्टी. पांढरी. दुधासारखी.

आत्याबाईंची पांढरी. ह्यांची पांढरी.

माझी?

निळी! फिकट नाही हो, शाईच्या दौतीत बुडवून काढावी तशी निळी!

आत्याबाईंनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हळूच पाळण्याकडे.

"सुनंदा," हे अगदी जपून म्हणाले, "तू... काय घेतलंस?"

"मी? मी काय घेणार? मी तर फक्त माझं औषध..."

आणि माझा मेंदू तिथेच थांबला. ह्यांनी जाऊन बाटली आणली. आजपर्यंत तिच्यावरचं लेबल मी वाचलं नव्हतं. वैद्यांच्या बारीक अक्षरात सगळ्यात खाली लिहिलं होतं, की औषध मुरताना त्यात आपोआप मद्य तयार होतं. पाण्याचे नमुने तपासायला सरकारने निवडलेल्या बाईने स्वतः पिते ती बाटली वाचली नव्हती!

"पण मंग माह्या गिलासात कसं आलं?" मामाजींनी विचारलं. आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर सापडलं. चेहरा एकदम बदलला. "आता समजलं. तू अर्धं ठेवो ना ओट्यावर? मले वाटलं माह्यासाठी ठेवून राहिली."

"तुमच्यासाठी?"

"म्हटलं, सूनबाईच्या माहेरचं ताकदीचं औषध आहे. माहे गुडघे दुखतेत म्हणून बिचारी आपल्या हिश्शातलं काढून ठेवते. बोलत नाई, पण जीव लावते. मंग पाणी टाकून निंबाखाली बसून घेत जाओ. तुह्या सासूनं पाहिलं असतं तं म्हणाली असती, बाळंतिणीचं काहून पिता."

म्हणजे ते पाठ करून बसायचे ते आत्याबाईंपासून लपून. आणि पाळण्याशी गाणं म्हणायचे ते सून जीव लावते ह्या आनंदात. बरं, थोडं औषधाच्या आनंदातही असेल, पण तो हिशोब आता कोण मांडणार?

मला रडू फुटलं. "मामाजी, मी तुमच्यासाठी नव्हते हो ठेवत. मला आवडत नव्हतं म्हणून टाकून द्यायला ठेवायचे." आता हे सांगायची काही गरज होती का? पण माझं असंच आहे. खड्डा खणला की आणखी थोडा खोल खणायचा.

मामाजी हसले नाहीत. बाटलीकडे बघत बसले. अठ्ठावीस वर्षं जपलेली गोष्ट माझ्या उष्ट्या गिलासाने मोडली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ते उठले, टोपी घातली आणि उन्हात बाहेर पडले.

"कुठं चालले?" आत्याबाई.

"विहारात."

तो एक तास आम्ही तिघं पाटासमोर बसून काढला. आत्याबाई मधेच म्हणाल्या, "तरीच पोट्टी संध्याकाळी तुहं दूध पिऊन इतकी गाढ झोपत होती!" प्रज्ञाच्या शांत झोपेची बढाई मी अख्ख्या गल्लीत मारली होती. कशी पाजायची, कशी थोपटायची, दोघीतिघींना सल्लाही दिला होता! मी धावत जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरलं. ती जागी झाली आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

मामाजी परत आले. टोपी खुंटीला लावली. "भंतेजीले सांगितलं सगळं," ते म्हणाले. "ते म्हणे, अजाणता झालं, औषध म्हणून झालं, तुमचं शील आहे तसंच आहे."

आत्याबाईंनी इतका मोठा श्वास सोडला, की पाटावरच्या पट्ट्या उडाल्या.

"अन् हे बी म्हणे, बाळंतिणीचं औषध बाळंतिणीनं प्यावं, पण डॉक्टरले विचारून. आता सूनबाई, उद्या कामावर जाऊन राहिली ना?"

"तुम्ही प्रज्ञाला सांभाळाल? अजूनही?"

"तिनं थोडीच पट्टी बुडवली माह्या गिलासात!"

सोमवारी गेले. आदल्या संध्याकाळीच डॉक्टरांनी औषध बंद केलं होतं, बाटली आत्याबाईंनी आपल्या हाताने मोरीत रिकामी केली होती. दिवसभर मी परक्या गावांचं पाणी तपासलं आणि प्रत्येक लेबल दोनदा वाचलं. साहेब म्हणाले, "फार काळजीपूर्वक काम करता हो."

संध्याकाळी धावत घरी आले. दारातच मामाजी उभे. कडेवर प्रज्ञा, नाकावर चष्मा. मी हात पुढे केले. तिनेही केले. मामाजी एक पाऊल मागे सरकले आणि खिशात हात घालून त्यांनी पट्टी काढली.

"जीभ काढ."

"मामाजी! दारात?"

"पोट्टी कोणाच्या हातात देतो, हे पाहा लागते ना."

समोरच्या ओट्यावर दोघी बायका भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. मी डॉक्टरकडे काढावी तशी जीभ काढली. मामाजींनी पट्टी टेकवली, मग उन्हाकडे धरून मिनिटभर निरखली. प्रज्ञा ओरडत होती, मी तोंड उघडंच ठेवून उभी होते.

"पांढरी आहे. घे."

मी लेकीला छातीशी धरलं. "मामाजी, आता हे रोज का?"

"पोरानं मले चारच पट्ट्या देल्ल्या," ते चष्मा काढत म्हणाले. "आजची गेली. गुरुवारपर्यंत पुरतीन."

"आणि शुक्रवारी?"

मामाजींनी चष्मा खिशात ठेवला.

"शुक्रवारी," ते म्हणाले, "तुह्यावर भरोसाच ठेवा लागन."